शेजाऱ्यांचं भांडण मिटवायला बसताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी शेजाऱ्यांच्या तंट्यांबद्दलची पत्रं जास्त आली आहेत. कोर्टात जायचं नाही आणि आपसात मिटतही नाही, अशा मधल्या जागी बरीच माणसं अडकलेली दिसतात. त्यांतले सात प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २८ फ्लॅट आहेत. ३०४ च्या बाथरूमचं पाणी २०४ च्या छतातून ठिबकतं. कमिटीने दोघांना तीनदा मीटिंगला बोलावलं, तिन्ही वेळा आरडाओरड होऊन मीटिंग मोडली. वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, खालचे म्हणतात दोष तुमच्या लादीचा. मध्यस्थी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

पहिली चूक त्यांना थेट कमिटीपुढे बसवण्याची झाली. सात-आठ शेजारी बघत असले की कुणी माघार घेत नाही. शिवाय या वादात कमिटी तटस्थ नाही. गळती सामाईक पाइपाची निघाली, तर खर्च सोसायटीवर येणार, आणि हे ३०४ वाल्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सचिव, अध्यक्ष, खजिनदार यांनी मध्यस्थ होऊ नये. दोन्ही घरांना चालतील अशी तीन माणसं शोधा, बाजूच्या सोसायटीतली असली तरी हरकत नाही. तिघांत निदान एक बाई हवी. ठिबकणाऱ्या छताखाली दिवसभर वावरते ती बहुधा घरातली बाई, आणि मीटिंगला येतो नवरा. त्यामुळे खरी तक्रार कधी टेबलावर येतच नाही.

एकत्र बसवण्याआधी दोन्ही घरी वेगवेगळं जा. प्रत्येकी अर्धा-पाऊण तास पुरे. काय होतंय आणि कधीपासून, काय झालं म्हणजे तुमचं समाधान होईल, आणि कशाला तुम्ही अजिबात तयार नाही, एवढंच विचारा. पुष्कळदा कळतं की राग पाण्याचा कमी आहे. पहिल्यांदा सांगायला गेलेल्या वहिनींच्या तोंडावर दार लावलं गेलं, तो सल जास्त आहे. हे ऐकून घ्या, पण त्यांची परवानगी असल्याशिवाय वरच्या मजल्यावर नेऊ नका.

मग एकत्र बैठक, दीड तासाच्या वर नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं, मध्ये कुणी तोडायचं नाही. मध्येच कुणी उसळलं तर ‘दादा, त्यांचं होऊ द्या, मग तुमचीच पाळी’ एवढं म्हणून थांबवा. ‘काका, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर देऊ नका. दिलंत की तुम्ही न्यायाधीश झालात, आणि ज्याच्या विरुद्ध बोललात तो पुढच्या बैठकीला येत नाही.

आता पाण्याकडे. गळती कुठून, हे बोलून ठरत नाही, तपासून ठरतं. पहिल्या बैठकीतून फक्त चाचणीची संमती घ्या. खर्चाचा विषय काढूच नका. प्लंबर दोघांपैकी कुणाच्याही नेहमीचा नसावा, त्याची मजुरी निम्मी-निम्मी. खाली बादली ठेवून दर सहा तासांनी किती पाणी जमलं ते मापाने लिहायचं.

आधी वरचं बाथरूम-संडास २४ तास पूर्ण बंद, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू. पुढचे २४ तास व्हॉल्व्हही बंद. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाणी स्पष्ट घटलं, तर भिंतीतली दाबाची लाइन फुटली आहे. फरक पडला नाही, तर नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड, रबरी बुचाने बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटिमीटर रंगीत पाणी दिवसभर साठवा. खाली रंग उतरला की दोष लादीच्या सांध्यांत किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये. रंग उतरला नाही, तर बूच काढून दोन-तीन बादल्या एकदम सोडा. थोड्या वेळात ठिबक वाढली तर ट्रॅपचा सांधा. संडासाच्या भांड्यात वेगळ्या रंगाचं पाणी सोडून तेही बघा. शेवटी ३०४ कोरडं ठेवून ४०४ आणि ५०४ ला पाणी वापरायला सांगा. आता खाली पाणी आलं, तर दोष डक्टमधल्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या पोकळीतल्या, उभ्या पाइपाचा, म्हणजे जबाबदारी सोसायटीची.

यात पाच ते सात दिवस जातात, आणि चाचणी फसते ती बहुतेक दुसऱ्या दिवशी. वरच्या घरात एकच बाथरूम असतं, सोय कुणी केलेली नसते, मग पहाटे कुणीतरी गुपचूप अंघोळ उरकतो. त्या आठवड्यात वरच्यांनी अंघोळीला कुणाकडे जायचं हे आधी ठरवा आणि लिहा.

खर्चासाठी आदर्श उपविधी, म्हणजे सहकारी सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, बघा. पावसाची गळती, बाहेरचा सामाईक पाइप, सांडपाण्याची सामाईक लाइन या सोसायटीच्या बाबी. संडास, सिंक यांची आतली गळती संबंधित फ्लॅटधारकांनी परस्पर सहकार्याने सोडवायची. ‘परस्पर सहकार्याने’ या दोन शब्दांवर सगळं अडतं, म्हणून रक्कम आणि तारीख तुम्हीच लिहून घ्या.

दुरुस्तीनंतर लगेच भांडण पुन्हा पेटतं, त्याचं कारण कोबा. लादीखालचा हा विटांच्या तुकड्यांचा थर पाणी धरून ठेवतो आणि काम झाल्यावरही पंधरा-वीस दिवस झिरपत राहतो. खालच्यांना वाटतं फसवलं. करारात हे आधीच लिहा. खालचं प्लास्टर आणि रंग छत पुरतं सुकल्यावरच करा, नाहीतर महिन्यात पापुद्रे सुटतील.

तोडगा निघालाच नाही तर २०४ ने कमिटीकडे लेखी तक्रार द्यावी. कमिटीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो.

प्रश्न : आमच्या गावात दोन भावकींचा वाद आहे. नांगरताना बांध कोरला आणि गाडीवाट अडवली, अशी एकाची तक्रार. तंटामुक्ती समितीकडे नेलं, पण अध्यक्ष दुसऱ्या बाजूचे चुलते लागतात. तीन महिने बैठका चालू आहेत. (शेतकरी, सांगली जिल्हा)

आधी तारीख बघा. गाडीवाट पहिल्यांदा कोणत्या दिवशी अडवली? मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करायला सहा महिनेच असतात, आणि ते अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून मोजतात. समितीत बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. गावात चांगल्या मनाने बसलेली माणसंही इथेच फसतात. ‘एवढी सुगी होऊ द्या, मग बघू’ म्हणता म्हणता मुदत सरते, आणि वाट अडवणाऱ्याला बोलायची गरजच उरत नाही. तुमचे तीन महिने गेलेत. दावा दाखल करा, पण करण्याआधी समोरच्यांना समितीसमोर सांगा की हे मुदत जाऊ नये म्हणून आहे, बोलणी चालूच राहतील. न सांगता नोटीस गेली तर बोलणी संपलीच समजा.

अध्यक्षांनी या तंट्यापुरतं बाजूला व्हावं. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत समिती ग्रामसभा निवडते. त्या समितीतला एकेक सदस्य दोन्ही बाजूंनी निवडावा आणि त्या दोघांनी तिसरा. चुलत्यांनी कितीही सरळ निवाडा दिला, तरी हरणारा तो मानणार नाही.

हद्द आणि वाट हे दोन वेगळे वाद आहेत, एका बैठकीत घेऊ नका. हद्दीचा वाद मोजणीआधी मिटवू नका. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे हद्दीच्या खुणा पक्क्या करून देणाऱ्या मोजणीचा, अर्ज करा, फी दोघांनी मिळून भरावी. एकाने भरली की मोजणी ‘त्याची’ ठरते. उभ्या उसात मोजणी नीट होत नाही. रान मोकळं असेल तेव्हाची तारीख मागा. लगतच्या गटांचे खातेदार त्या दिवशी हजर ठेवा. खुणा गाडल्या की त्याच वेळी विहिरीपासून किंवा विजेच्या खांबापासून टेपने अंतर मोजून पंचांच्या सह्या घ्या, कारण खुणा रात्रीतून सरकतात. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मिळाली की तिच्या आधारे बोलायला बसा. निकाल मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

आणखी एक. कधी मोजणीत सगळा गटच सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा कमी भरतो, मग दोघंही खरे आणि दोघंही तोट्यात असतात. अशा वेळी तूट क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घेणं हाच टिकणारा तोडगा. मात्र समितीच्या कागदावर ‘दोन गुंठे सोडले’ असं लिहिल्याने जमीन कुणाच्या नावे होत नाही. त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. जमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात तो बसतो का, हे दुय्यम निबंधकांकडे आधी विचारा.

प्रश्न : वरच्या मजल्यावरची मुलं रात्री चेंडू आपटतात, खुर्च्या ओढतात. मोबाइलवरच्या ॲपने ६२ डेसिबल दाखवले. मर्यादा ४५ ची आहे ना? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

हो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती परिसरातल्या आवाजाची. छतातून येणाऱ्या चेंडूच्या धपक्याला ती लावायला गेलात तर वाद ॲपच्या आकड्यावर घसरेल, आणि फोनचा मायक्रोफोन प्रमाणित नसल्याने तो तुम्ही हराल. दोन आठवडे वही ठेवा : तारीख, वेळ, कसला आवाज, किती मिनिटं. वहीतून दिसेल की त्रास रोज रात्री नसून ठरावीक तासाचा आहे. मग मागणी नेमकी होते : साडेनवानंतर चेंडू नाही, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, खेळण्याच्या जागी जाड सतरंजी. टोप्या तुम्हीच आणून दिल्यात तरी चालेल, खर्च शे-दोनशेच्या आतला असतो. मुलांसमोर त्यांच्या आईला बोलू नका.

प्रश्न : आमच्या वस्तीत दोन्ही समाज राहतात. दर सणाला भोंगा आणि मिरवणुकीवरून ताण येतो. मोहल्ला कमिटी कशी उभी करावी? (सामाजिक कार्यकर्ता, मराठवाडा)

सणाच्या आठ दिवस आधी उभी केलेली कमिटी फक्त फोटोपुरती असते. भिवंडीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला कमिट्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी बऱ्याच अंशी शांत राहिली. त्या दंगलींनंतर मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशाच कमिट्या झाल्या. दोन्हीकडचं सूत्र एकच होतं : नेहमीच्या पुढाऱ्यांच्या भरवशावर न राहता गल्लीतली साधी माणसं आणि पोलीस यांनी शांततेच्या काळात नियमित भेटायचं.

तुम्ही सुरुवात नळापासून करा. पाण्याची पाळी, तुंबलेलं गटार, क्रिकेटने फुटलेली काच, रस्त्यात लावलेली हातगाडी. भोंग्याचं भांडण उभं राहतं ते बहुतेक अशाच न मिटलेल्या छोट्या भांडणांवर. महिन्यातून एक ठरलेला वार, दोन्ही बाजूंची सारखी माणसं, त्यात रिक्षावाला, शिवणकाम करणारी बाई, दुकानदार आणि दोन-तीन तरुण पोरं हवीतच, कारण मिरवणुकीत पुढे तीच असतात. निवडणूक लढवणारा नको.

सणाची बैठक किमान तीन आठवडे आधी घ्या. तिथे भावनांवर बोलणं लवकर आटोपून थेट मार्गावर या : कुठून निघणार, प्रार्थनास्थळासमोरून किती वाजता जाणार, तिथे थांबायचं की नाही, आवाज कोण कमी करणार, दोन्ही बाजूंचे कोणते पाच-पाच जण तिथे उभे राहणार. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम सर्वांना सारखा. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, त्या दिवसांची यादी पोलीस ठाण्यातून आणून भिंतीवर लावा. अफवेसाठी फोनची साखळी ठेवा : कुणी कुणाला विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत काहीही पुढे पाठवायचं नाही.

प्रश्न : चाळीत शेजारच्या खोलीत नवरा बायकोला मारतो. ज्येष्ठ म्हणतात, पोलिसांत नको, आपण बसून मिटवू. मी काय भूमिका घ्यावी? (गृहिणी, सोलापूर)

ठाम नकाराची. मध्यस्थीसाठी दोन्ही बाजूंना ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. मार खाणाऱ्या बाईला त्या बैठकीत ते म्हणता येत नाही. ती ‘हो’ म्हणते आणि रात्री पुन्हा मार खाते. ज्येष्ठांनी बसवलेल्या समेटाने तिचं पोलिसांकडे जाणं तेवढं लांबतं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्यामुळे तुमचं नाव गुंतेल ही भीती सोडा. मारहाण चालू असेल तर ११२, इतर वेळी महिला हेल्पलाइन १८१. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. तिला एकटीला गाठून हे आकडे सांगा, लिहून देऊ नका, कागद सापडतो.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं तर ‘मिटवणं’ हाच गुन्हा ठरू शकतो, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते माहीत असलेल्या प्रत्येकाला कळवणं बंधनकारक केलं आहे. ॲट्रॉसिटीचं प्रकरणही बैठकीत घेऊ नका. आणि कुणी दंड लावून, रोटीव्यवहार तोडून ‘न्याय’ करत असेल, तर ती मध्यस्थी नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो.

प्रश्न : पार्किंगचा वाद मिटवून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. दोन महिन्यांत समोरच्याने मोडलं. त्या कागदाची किंमत काय? (व्यावसायिक, नाशिक)

पुरावा म्हणून आहे, हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा बजावता येणारा निकाल, म्हणून नाही. स्टॅम्पपेपरने तो हुकूमनामा होत नाही. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात सामुदायिक मध्यस्थीसाठी कलम ४३ आणि ४४ आहेत : दोन्ही बाजूंची आधी संमती, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, तीन मध्यस्थांचं मंडळ, सह्यांचा लेखी समझोता. पण कायदाच म्हणतो की हा समझोता शांततेसाठी आहे, न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. शिवाय ९ ऑक्टोबर २०२३ ला या कायद्याची जी कलमं लागू झाली, त्यांत ही दोन नव्हती. अर्जाआधी जिल्हा प्राधिकरणात सध्याची स्थिती विचारा.

बजावता येईल असा कागद हवा असेल तर समझोता घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा आणि लोकअदालतीत ‘दाखलपूर्व’, म्हणजे कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं, प्रकरण म्हणून ठेवा. फी नाही. दोघांच्या सह्यांनी झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि मोडला तर दरखास्त, म्हणजे तो बजावून घेण्याचा अर्ज, करता येते. मात्र दोघांनाही जावं लागतं, म्हणून समेट ताजा असतानाच त्याच आठवड्यात अर्ज द्या.

तुमचा कागद मोडला तो बहुधा शब्दांमुळे. ‘शक्यतो’, ‘सहकार्य करतील’, ‘अडचण होणार नाही अशा रीतीने’ हे शब्द खोडा. त्याऐवजी लिहा : गेटच्या डाव्या खांबापासून नऊ फूट कायम मोकळे, रात्री ९ ते सकाळी ७ गाडी पिवळ्या पट्ट्याच्या आत, पाहुण्यांची गाडी रस्त्यावर. पट्टा सहीच्या दिवशीच मारा आणि फोटो काढा. सही घरमालकाची घेता आणि गाडी लावतो त्याचा मुलगा किंवा भाडेकरू, असं होऊ देऊ नका. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची सही हवी. मोडल्यास ४८ तासांत आधी मध्यस्थाला फोन, तोवर ग्रुपवर फोटो टाकायचे नाहीत, हेही कलम घाला. आढावा १५ दिवसांनी आणि तीन महिन्यांनी, तारखा आत्ताच टाकून.

प्रश्न : चार बैठका झाल्या, काही निघत नाही. मध्यस्थाने कधी थांबावं? (ज्येष्ठ नागरिक, पणजी)

तीन बैठकांत एकही मुद्दा पुढे सरकला नसेल, तर थांबा. त्याआधी एकदा बघा की खरा निर्णय घेणारा माणूस बैठकीला येतो का. मुंबईतला थोरला भाऊ फोनवरून नकार देत असेल, तर त्यालाच बोलवा. तरीही अडलं, तर अर्ध्या पानाची नोंद करा : कोणत्या तारखांना बसलो, कोणत्या मुद्द्यांवर एकमत झालं, कोणते राहिले. कोण काय म्हणालं, कुणी किती पैसे सोडायला तयारी दाखवली, यातलं काहीही त्यात लिहू नका; उद्या तोच कागद दाव्याला जोडला जाईल आणि पुढच्या वेळी गावात कुणी मध्यस्थापुढे मन मोकळं करणार नाही. दोघांना एकेक प्रत द्या आणि तुमची टिपणं फाडून टाका.